कर्नलचा टायमर : प्रकल्प नोंदी, नागपूर, मे-जून २०२४

एक्स८६-६४ वरचा (६४ बिटांच्या पीसी प्रोसेसरवरचा) छोटा, शिकण्यापुरता कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). पेजिंग (मेमरीच्या पत्त्यांची मांडणी), सिरियल पोर्ट आणि इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबल (कोणत्या इंटरप्टला, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेला, कोणता हँडलर धावेल याचा तक्ता; त्यातला क्रमांक म्हणजे व्हेक्टर) झाले आहे, आता टायमर. चाचणी तीन ठिकाणी: क्यूएमू (सॉफ्टवेअरमधले आभासी यंत्र), २००८ च्या आसपासचा ड्युअल कोअर डेस्कटॉप आणि स्कायलेक पिढीचा लॅपटॉप (डॉकिंग स्टेशनमुळे त्याला खरा सिरियल पोर्ट मिळतो). मोजमापासाठी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेली यूएसबी-सिरियल केबल आणि २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर. षोडशमान आकड्याआधी 'हेक्स' लिहिले आहे.

६ मे

सुरुवात पीआयटीपासून (पीसीचा जुना टायमर). ८२५४ ही चिप आता वेगळी दिसत नाही, चिपसेटच्या पोटात असते. वागते मात्र जुन्यासारखीच. तिला मिळणारी वारंवारता १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. हा आडनिडा आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीतून आला. तिथे १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याचा तिसरा भाग प्रोसेसरला, चौथा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या सिग्नलला आणि बारावा टायमरला. एका स्फटिकाची ती काटकसर अजून आपल्या भागाकारांत बाकी सोडते आहे.

आधी पीआयसी (उपकरणांचे इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) नव्या व्हेक्टरवर हलवायचा, मग टायमर. बायोस (यंत्राचे फर्मवेअर) आयआरक्यू ० ला (टायमरची इंटरप्ट लाइन) व्हेक्टर ८ वर ठेवतो आणि प्रोटेक्टेड मोडपासून पुढे व्हेक्टर ८ म्हणजे डबल फॉल्ट (एक चूक हाताळताना झालेली दुसरी चूक). एसटीआय (इंटरप्ट खुले करणारी सूचना) करताच 'डबल फॉल्ट' छापून यंत्र थांबले तर बहुधा तो टायमरच असतो. ओळखायची खूण: खरा डबल फॉल्ट स्टॅकवर शून्य हा एरर कोड ठेवतो, टायमर इंटरप्ट काहीच ठेवत नाही. त्यामुळे हँडलरने छापलेले सगळे रजिस्टर आठ बाइटनी सरकलेले दिसतात. आरआयपीच्या (सूचनेच्या पत्त्याच्या) जागी कोड सेगमेंटचा हेक्स ०८ दिसला की संशय फिटतो.

पीआयसीचा क्रम: पोर्ट हेक्स २० आणि हेक्स ए० वर हेक्स ११, मग हेक्स २१ वर हेक्स २० आणि हेक्स ए१ वर हेक्स २८ (नवे व्हेक्टर), मग ४ आणि २ (मालक आणि दुय्यम, दोन्ही पीआयसींची जोडणी), शेवटी दोन्हीकडे १. त्यानंतर मास्क: मालक पीआयसीवर फक्त आयआरक्यू ० खुला, म्हणजे हेक्स एफई.

पीआयटी: पोर्ट हेक्स ४३ वर हेक्स ३४, मग हेक्स ४० वर भाजकाचा खालचा बाइट, मग वरचा. बऱ्याच नमुना कोडमध्ये हेक्स ३६, म्हणजे मोड ३, असतो. नुसत्या टिकसाठी तोही चालतो, पण मोड ३ मध्ये काउंटर दोन-दोनने उतरतो आणि एका आवर्तनात दोनदा खाली येतो. मधेच वाचलेल्या आकड्यावरून आपण पहिल्या अर्ध्यात आहोत की दुसऱ्या, ते कळत नाही. काउंटर वाचायचा असेल तर मोड २ च.

१०० हर्ट्झसाठी भाजक ११९३२. क्यूएमूवर टिक आली. एकच.

८ मे

एकच टिक येण्याचे कारण नेहमीचे: ईओआय ('इंटरप्ट हाताळून झाला' हा निरोप) गेला नाही. पोर्ट हेक्स २० वर हेक्स २० लिहिल्याशिवाय पीआयसी पुढचा इंटरप्ट देत नाही. कोडात ईओआय होता, पण हँडलरच्या शेवटी, शेड्युलर (पुढची टास्क निवडणारा भाग) बोलावल्यानंतर. शेड्युलरने नव्या टास्कवर उडी मारली. नवी टास्क हँडलरमधून परत येतच नाही, तिची सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. ईओआयची ओळ मागे पडून राहिली. आता क्रम असा: काउंटर वाढवणे, ईओआय, मग शेड्युलर. तेवढा वेळ इंटरप्ट बंदच राहतात, त्यामुळे आत आत शिरण्याची भीती नाही.

१३ मे

डेस्कटॉपवर पाच दिवस चालवून टिक मोजल्या. दोन वेगळ्या चुका निघाल्या आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली पूर्णांकाची. ११९३१८२ भागिले १०० म्हणजे ११९३१.८२, आपण ११९३२ देतो. फरक दशलक्षात १५, दिवसाला सुमारे १.३ सेकंद, घड्याळ मागे. १००० हर्ट्झ घेतले तर भाजक ११९३, फरक दशलक्षात १५२ आणि घड्याळ दिवसाला १३ सेकंद पुढे. टिक जितकी बारीक तितकी ही चूक मोठी, कारण कापलेला अपूर्णांक छोट्या भाजकाच्या तुलनेत जड पडतो. उपाय सोपा आहे: एका टिकला '१० मिलिसेकंद' धरायचे नाही, '११९३२ भागिले ११९३१८२ सेकंद' धरायचे.

दुसरी चूक हरवलेल्या टिकची. इंटरप्ट एका आवर्तनापेक्षा जास्त वेळ बंद राहिले तर पीआयसी एकच टिक धरून ठेवतो, दुसरी गेली ती गेली. आमच्या सिरियल ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट बंद करून अख्खी ओळ छापली जाते. ११५२०० बॉडला एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंद लागतात. १२० अक्षरांची ओळ म्हणजे १० मिलिसेकंदांच्या वर. म्हणजे लॉग जितका जास्त, घड्याळ तितके मागे. हा दोष भाजक बदलून जाणार नाही. ड्रायव्हर सुधारला तरी उद्या दुसरे कोणीतरी सीएलआय (इंटरप्ट बंद) करून बसेल.

इथे रचना बदलायचा निर्णय झाला. टिक मोजून वेळ काढायची नाही. वेळ सांगायला अखंड चालणारा काउंटर हवा, टायमरने फक्त गजर द्यायचा. घड्याळ आणि गजर हे कर्नलमध्ये दोन वेगळे ऑब्जेक्ट केले.

तोवर पीआयटीचाच काउंटर वाचून बघितला: हेक्स ४३ वर शून्य (लॅच, म्हणजे आकडा वाचण्यासाठी धरून ठेवणे), मग हेक्स ४० वरून दोन बाइट, मधे इंटरप्ट बंद. इथला खड्डा असा की काउंटर नुकताच पुन्हा भरला असतो, पण टिकचा इंटरप्ट अजून पोचलेला नसतो. त्या क्षणी वेळ जवळजवळ १० मिलिसेकंद उलटी जाते. सोडवायचे तर पीआयसीला हेक्स ०ए देऊन पोर्ट हेक्स २० वाचायचा. बिट ० चढलेला असेल आणि काउंट भाजकाच्या जवळ असेल तर एक टिक मनाने धरायची. चालते, पण प्रत्येक पोर्ट वाचनाला साधारण एक मायक्रोसेकंद जातो. 'आता किती वाजले' विचारायला तीन-चार मायक्रोसेकंद ही महागाईच.

१७ मे

लोकल एपिक (प्रत्येक कोअरमधला इंटरप्ट नियंत्रक, त्यात स्वतःचा टायमर असतो). पत्ता हेक्स एफईई०००००, खात्रीसाठी एमएसआर (प्रोसेसरचे खास रजिस्टर) हेक्स १बी वाचावा. हे पान मॅप करताना कॅशिंग बंद असलेच पाहिजे (पीसीडी आणि पीडब्ल्यूटी दोन्ही बिट १). क्यूएमूवर ही चूक कधीच दिसत नाही, खऱ्या यंत्रावर दिसते. म्हणून आधीच करून टाकले.

क्रम: हेक्स एफ० वर बिट ८ चालू आणि स्प्युरियस (खोट्या इंटरप्टचा) व्हेक्टर हेक्स एफएफ, हेक्स ३ई० वर भाजक, हेक्स ३२० वर व्हेक्टर आणि मोड, शेवटी हेक्स ३८० वर सुरुवातीचा आकडा. हा शेवटचा आकडा लिहिताच मोजणी सुरू होते, म्हणून तो शेवटी. चालू आकडा हेक्स ३९० वर. ईओआय म्हणजे हेक्स बी० वर शून्य. भाजकाची संकेतने विचित्र आहेत: ३ म्हणजे १६ ने भाग, आणि १ ने भाग हवा असेल तर हेक्स बी. बिट २ राखीव असल्याने मधले आकडे गळतात.

या टायमरचा वेग कोणी सांगत नाही, मोजावा लागतो. मोजायला पीआयटीचा चॅनेल २ घेतला, कारण त्याची कळ आणि आउटपुट दोन्ही पोर्ट हेक्स ६१ वर मिळतात: बिट ० गेट, बिट १ स्पीकर (तो बंदच ठेवावा, नाहीतर यंत्र किंचाळते), बिट ५ आउटपुट.

१. पोर्ट ६१: बिट ० चालू, बिट १ बंद.
२. हेक्स ४३ वर हेक्स बी०: चॅनेल २, लो-हाय, मोड ०.
३. हेक्स ४२ वर ५९६५८ चा खालचा बाइट.
४. एपिकच्या हेक्स ३८० वर सगळे बिट १.
५. हेक्स ४२ वर वरचा बाइट. पीआयटीची मोजणी इथून सुरू.
६. बिट ५ चढेपर्यंत थांबणे, मग हेक्स ३९० वाचणे.

५९६५८ का? मोड ० मध्ये आउटपुट चढायला दिलेल्या आकड्याहून एक स्पंद जास्त लागतो, आणि ५९६५९ स्पंद म्हणजे बरोबर ५० मिलिसेकंद. १६ बिटांत ५४.९ मिलिसेकंदांच्या वर जाता येत नाही, म्हणून ५० ही ऐपतीतली मोठी खिडकी.

चौथ्या आणि पाचव्या पायरीचा क्रम उलटा करू नये. मधेच एसएमआय आला (फर्मवेअर प्रोसेसर काही काळ पळवून नेते, कर्नलला पत्ता लागत नाही) तर या क्रमात चूक नेहमी एकाच दिशेने होते: एपिकची मोजणी जास्त भरते. म्हणून पाचदा मोजून सर्वांत लहान उत्तर घ्यायचे. क्रम उलटा असला तर चूक दोन्ही बाजूंना जाते आणि मग सरासरी काढा की मध्यक, दोन्ही अंदाजच.

निकाल, १६ ने भाग: क्यूएमूवर केव्हीएमसह (लिनक्सची आभासीकरणाची सोय) ३१,२५,००० च्या आसपास (तिथे एपिकची बस १ गिगाहर्ट्झ धरलेली असते), २०० मेगाहर्ट्झ बसच्या डेस्कटॉपवर ६,२५,००० च्या आसपास. लॅपटॉप सहाव्या पायरीवर अडकला.

१८ मे

लॅपटॉपवर बिट ५ कधीच चढत नाही. नव्या चिपसेटमध्ये वीज वाचवायला ८२५४ चे घड्याळ बंद ठेवता येते आणि काही फर्मवेअर तसे करतेही. चिप पोर्टला उत्तर देते, पण काउंटर हलत नाही. धडा कोडपुरता: हार्डवेअरची वाट पाहणाऱ्या प्रत्येक लूपला मर्यादा हवी. आता १० लाख फेऱ्यांनंतर सोडून एसीपीआय पीएम टायमरकडे (चिपसेटमधला आणखी एक काउंटर) वळतो: ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, फक्त वाचता येतो, २४ बिट धरले तर ४.६९ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. वजाबाकी २४ बिटांत मास्क करायची, बस्स.

त्यावरून लॅपटॉपवर ५० मिलिसेकंदांना फक्त ७५,००० भरले. इथे एपिक टायमर २४ मेगाहर्ट्झच्या मूळ स्फटिकावर चालतो. १६ ने भागल्यावर एक पाऊल ०.६७ मायक्रोसेकंद. भाजक १ केला.

२१ मे

आयओ एपिक (पीआयसीचा वारस, उपकरणांचे इंटरप्ट लोकल एपिककडे पाठवतो). एमएडीटी (फर्मवेअरने दिलेल्या इंटरप्ट जोडण्यांच्या) टेबलातली 'ओव्हरराइड' नोंद वाचलीच पाहिजे. आयआरक्यू ० बहुतेक पीसींवर पिन २ ला जोडलेला असतो, ० ला नाही. ० वर व्हेक्टर लावून वाट पाहिली तर काहीच येत नाही.

डेस्कटॉपवर टिक दुप्पट. पीआयटी आणि एपिक दोघेही एकाच व्हेक्टरवर वाजत होते. पीआयसीचे दोन्ही मास्क हेक्स एफएफ केले. मास्क केला तरी आयआरक्यू ७ चा भुताटकी इंटरप्ट येऊ शकतो, म्हणून व्हेक्टर हेक्स २७ वर हँडलर ठेवलाच पाहिजे. त्यात पीआयसीला हेक्स ०बी देऊन बिट ७ बघायचा. उतरलेला असेल तर ईओआय न देता परत. आयआरक्यू १५ खोटा असेल तर ईओआय फक्त मालकाला.

२४ मे

एचपीईटी (पीआयटीनंतरचा जास्त अचूक टायमर). फर्मवेअरच्या टेबलातून पत्ता घेतला, बहुतेक ठिकाणी हेक्स एफईडी००००० असतो. पहिल्या रजिस्टरच्या वरच्या ३२ बिटांत एका पावलाचा कालावधी फेम्टोसेकंदांत मिळतो: डेस्कटॉपवर ६,९८,४१,२७९, म्हणजे पुन्हा तोच १४.३१८१८ मेगाहर्ट्झ. क्यूएमूवर १,००,००,०००, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. हेक्स १० वर बिट ० चालू केला की हेक्स एफ० वरचा मुख्य काउंटर धावू लागतो. घड्याळ म्हणून उत्तम. डेस्कटॉपवर हाच ठेवला.

गजर म्हणून मात्र फसवा. संध्याकाळच्या चाचणीत कर्नल गोठला, आणि तब्बल पाच मिनिटांनी जणू काही झालेच नाही असा पुढे सुरू झाला. घड्याळ लावून पाहिले तर दर वेळी ३०० सेकंद. आकडाच उत्तर सांगतो: २ चा ३२ वा घात भागिले १४३१८१८० म्हणजे २९९.९७. तुलनाकार (गजराचा आकडा काउंटरशी ताडणारा भाग) ३२ बिटांचा होता आणि तो 'बरोबर झाला का' एवढेच बघतो, 'पुढे गेला का' हे बघत नाही. आपण 'आता अधिक ५' लिहीपर्यंत काउंटर सहा पावले पुढे गेला, तर गजर अख्खा फेरा मारूनच वाजतो.

दुरुस्ती: तुलनाकार लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा. लिहिलेला आकडा मागे पडला असेल किंवा अगदी जवळ आला असेल तर अंतर दुप्पट करून पुन्हा लिहायचे. किमान अंतर १२८ पावले, म्हणजे जवळपास ९ मायक्रोसेकंद. ही वजाबाकी ३२ बिटांत चिन्हासह करावी, नाहीतर फेरा पूर्ण होताना पुन्हा तोच घोळ.

२८ मे

लॅपटॉपवर टीएससी-डेडलाइन (टीएससी हा प्रोसेसरमधला काउंटर ठरलेल्या आकड्यावर पोचला की एपिक टायमर वाजतो). आधी तीन प्रश्न सीपीयूआयडीला (प्रोसेसरची माहिती देणारी सूचना): पान १, ईसीएक्स बिट २४ (मोड आहे का), पान हेक्स ८०००००००७ नव्हे, हेक्स ८००००००७, ईडीएक्स बिट ८ (टीएससी एकाच वेगाने चालतो का), पान ६, ईएएक्स बिट २ (गाढ झोपेतही एपिक टायमर चालू राहतो का). शून्य मोजण्यात एकदा चूक झालीच, म्हणून वर तशीच ठेवली आहे.

तिसरा बिट डेस्कटॉपवर नाही. तिथे सी३ (गाढ) झोपेत गेल्यावर एपिक टायमरही झोपतो, उठवायला कोणी उरत नाही. म्हणून डेस्कटॉपवर एचएलटीच्या (पुढच्या इंटरप्टपर्यंत थांबवणारी सूचना) पुढे जायचे नाही.

वापर सोपा: हेक्स ३२० मध्ये बिट १८ चालू आणि बिट १७ बंद, मग एमएसआर हेक्स ६ई० मध्ये टीएससीचा तो आकडा, ज्याला वाजायचे. शून्य लिहिले की गजर रद्द. एपिक मेमरीतून लिहिला जातो आणि एमएसआर वेगळ्या वाटेने, त्यामुळे पहिले लिखाण पोचण्याआधी दुसरे पोचू शकते आणि गजर मुकाट गिळला जातो. दोन्हींच्या मधे एमफेन्स (लिखाणांचा क्रम राखणारी सूचना). मोड लावताना एकदाच लागतो, दर गजराला नाही.

याचा मोठा फायदा: वेळ उलटून गेलेला आकडा लिहिला तरी इंटरप्ट लगेच येतो. २४ तारखेची सगळी कसरत इथे लागत नाही.

सायकलवरून नॅनोसेकंद काढताना भागाकार नको, गुणाकार आणि शिफ्ट. सीपीयूआयडी पान हेक्स १५ ने ईबीएक्स २०० आणि ईएएक्स २ दिले. ईसीएक्स शून्य होता, म्हणून स्फटिकाचे २४ मेगाहर्ट्झ आपल्या तक्त्यातून. टीएससी २४०० मेगाहर्ट्झ. शिफ्ट ३२ घेतला तर गुणक १७८९५६९७०७, पण ६४ बिटांत गुणाकार ४.२९ सेकंदांतच ओसंडतो. शिफ्ट २२ घेतला तर गुणक १७४७६२७, ओसंडायला ७३ मिनिटे, पण पूर्णांकामुळे दिवसाला १६ मिलिसेकंदांची चूक. आम्ही ३२ ठेवला आणि १२८ बिटांचा गुणाकार केला. एमयूएल तसाही आरडीएक्स:आरएएक्समध्ये पूर्ण उत्तर देतो, तो फेकून देण्यात अर्थ नाही.

१ जून

परवा शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले आणि संवेदकातच बिघाड असल्याचे नंतर जाहीर झाले. आमच्या कामाला लागू पडते: मोजणाऱ्याला मोजणारा दुसरा असल्याशिवाय आकड्यावर विश्वास नाही. आजवर एचपीईटी, टीएससी आणि एपिक एकमेकांशीच ताडले जात होते, आणि एकाच बोर्डावरचे स्फटिक एकाच उन्हात तापतात.

मांडणी: कर्नल दर ६० सेकंदांनी सिरियलवर एक ओळ पाठवतो, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणे) लावलेले दुसरे यंत्र पहिल्या अक्षराला वेळ टाकते. यूएसबी-सिरियल केबल काही मिलिसेकंद, वाईटात १६, खाते. २४ तासांत ते दशलक्षात ०.२ च्या आत बसते, चालेल. पहिली फेरी लाइट गेल्याने वाया गेली, दुसरी इन्व्हर्टरवर.

खोली पहाटे ३३, दुपारी कूलर बंद ठेवून ४१ अंश. टीएससी तक्त्यातल्या २४ मेगाहर्ट्झपेक्षा दशलक्षात ११ मागे. पहाटे-दुपारचा फरक दशलक्षात दोनच्या आत. हा ११ स्थिर आहे, गुणकात मिसळून टाकता येतो.

सीमॉस घड्याळाचे (बोर्डावरचे बॅटरीवर चालणारे) तसे नाही. ३२,७६८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क स्फटिक २५ अंशांवर सर्वांत वेगवान असतो आणि त्यापासून दूर जाल तसा, थंडीत असो वा उकाड्यात, अंशाच्या वर्गाला दशलक्षात ०.०३४ या हिशेबाने मागे पडतो. ४१ ला ८.७, ३३ ला २.२. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो पुढे जाऊन भरपाई करील अशी वेळच येत नाही. म्हणून बूट होताना एकदाच तारीख-वेळ घेतो, नंतर त्याच्याशी ताडून टीएससी दुरुस्त करत नाही. त्याचा आयआरक्यू ८ वापरायचा झालाच तर हँडलरमध्ये रजिस्टर सी वाचावा. न वाचल्यास दुसरा इंटरप्ट येत नाही.

५ जून

ठरावीक टिक काढून टाकली. गजरांची रांग मिन-हीपमध्ये (सर्वांत लहान आकडा शेंड्यावर ठेवणारी रचना). हार्डवेअरला फक्त सर्वांत जवळची वेळ दिली जाते. रांग रिकामी आणि एकच टास्क तयार असेल तर गजरच नाही. हँडलरने एक नाही, वेळ झालेले सगळे गजर काढायचे आणि मग पुढची वेळ लिहायची. लिहून झाल्यावर शेंडा पुन्हा बघायचा. ५० मायक्रोसेकंदांच्या आतले गजर एकत्र वाजवतो.

मोकळ्या अवस्थेतला जुना दोष इथेच निघाला: 'काम आहे का' बघितले, नाही म्हणून एसटीआय आणि मग एचएलटी. इंटरप्ट त्या दोघांच्या मधे आला तर काम आलेले असूनही प्रोसेसर झोपतो. टिक होती तेव्हा १० मिलिसेकंदांत झाकले जायचे, आता कायमचे झोपणे. तपासणी इंटरप्ट बंद ठेवून करायची आणि एसटीआयच्या लगेच पुढची सूचना एचएलटी ठेवायची. एसटीआयनंतर एक सूचना होईपर्यंत प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही. सी मध्ये दोन वेगळे मॅक्रो नकोत, एकाच असेंब्ली ब्लॉकमध्ये दोन्ही.

पॅरलल पोर्टच्या पिनवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावून डेस्कटॉप तपासला: हँडलरच्या पहिल्या ओळीला पिन चढते. १ मिलिसेकंदाच्या गजराला उशीर बहुधा ३ ते ६ मायक्रोसेकंद, अधूनमधून एकदम १५० च्या वर. ते मोठे आकडे यूएसबी कीबोर्ड असताना येतात, पीएस/२ लावला की जातात. बायोसमधला यूएसबीचा जुना आधार एसएमआयवर चालतो. सेटिंगमध्ये बंद केला, आकडे गेले.

शिल्लक: दुसऱ्या कोअरचा एपिक टायमर (त्याची रजिस्टरे वेगळी, लावणी पुन्हा), झोपेतून उठल्यावर हेक्स ३२० परत लिहिणे, आणि दोन कोअरचे टीएससी एकमेकांशी ताडणे.